तानसा ते अकलोली: फोर बाय फोर निसर्गसहल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आपल्या क्लबच्या गाड्या ठाण्याहून तानसाच्या जंगलाकडे निघतील आणि संध्याकाळी गणेशपुरी-अकलोलीमार्गे परततील. गेले पंधरा दिवस फोनवर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. नोंदणी करण्याआधी निदान नदीपात्राबद्दलचं उत्तर तरी पूर्ण वाचा.

किती वाजता आणि कुठून निघायचं?

पहाटे पावणेपाचला माजिवडा नाक्याजवळ जमायचं आणि पाचला निघायचं. हे उगाच लवकर ठेवलेलं नाही. आटगाव इथून साठेक किलोमीटर आहे. उजाडताना जंगलाच्या कडेला पोचलो तर पुढचे दोन तास पक्षी भरपूर बोलतात. नऊ वाजता पोचलो तर ऊन आणि धूळ, एवढंच पदरात पडेल. उशीर झाला तर आम्ही थांबणार नाही, तुम्ही थेट आटगावला या. गाडी नसलेल्यांनी कसारा लोकल पकडून आटगाव स्टेशनला उतरावं, तिथून कुणाच्या तरी गाडीत जागा करून देतो.

येऊरला का नाही? ते तर घराजवळ आहे.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि रविवारी तिथं आधीच माणसांची व गाड्यांची रीघ असते. त्यात आपल्या दहा गाड्यांची भर कशाला? येऊर बघायचं तर दोघा-चौघांनी पायी बघावं.

आणि खाडीवरचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो?

तेही फेब्रुवारीत भरपूर असतात. ठाणे खाडीचा १६.९ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पण तिथं जायला गाडी नको, भरती-ओहोटीचं वेळापत्रक हवं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. घरच्यांना घेऊन जरूर जा. आपली ही सहल डोंगराकडची आहे.

माझी गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे. चालेल का?

चालेल. डांबरी रस्ता संपतो त्या गावात लावून ठेवा आणि पुढच्या टप्प्याला दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसा. थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी, फोर बाय फोर स्कॉर्पिओ यांत मागे जागा असतेच.

लो रेंज (गाडी अगदी सावकाश पण भरपूर जोरानं नेणारे गिअर) आजवर कधी लावलीच नाही. झेपेल का?

झेपेल. खडतर वाट जेमतेम चार किलोमीटरची आहे, आणि ती शिकायला चांगली आहे. गावापासून टेकाडाच्या कडेनं जाणारी ही बैलगाडीची वाट. एके ठिकाणी कातळाच्या दोन पायऱ्या आहेत, एके ठिकाणी लाल मातीचा घसरडा उतार. उतारावर ४एल (म्हणजे हीच लो रेंज), पहिला गिअर, आणि ब्रेकवरचा पाय बाजूला. गाडी इंजिनाच्या जोरावर धरून धरून उतरते. नवख्याचा पाय हटकून ब्रेककडे जातो आणि तिथंच चाक सरकतं. शेजारी अनुभवी माणूस बसलेला असेल, घाबरू नका.

दोन गोष्टी मात्र आधी समजून या. डांबरी रस्त्यावर ४एच (नेहमीच्या वेगाचे गिअर, पण पुढची-मागची चाकं एकाच वेगानं फिरायला बांधलेली) लावून ठेवू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर घसरायला वाव नसतो, आणि तो ताण सगळा गिअरबॉक्सवर येतो. दुसरं, टायरमधली हवा. एरवी ३२-३३ पीएसआय ठेवत असाल तर दगडी वाटेवर २४-२५ पर्यंत उतरवा. टायर जरा बसतो, दगडाला कवेत घेतो, पकड वाढते आणि पाठीला धक्केही कमी बसतात. डांबरावर परत येताच हवा भरून घ्यायची. पंप क्लबकडे आहेत, पण स्वतःचा असेल तर आणा, रांग कमी होईल.

सोबत काय आणायचं?

माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट, पायांना झाकणारे बूट. दुर्बीण असेल तर उत्तम. पुढून-मागून गाडी ओढायचे हूक आहेत की नाहीत ते घरीच बघून घ्या, ऐन वेळी चिखलात लोळून शोधावे लागतात. स्पीकर आणू नका.

नदीच्या पात्रात गाडी घालायला मिळेल का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरीस आम्ही चार गाड्या घेऊन अशाच एका कोरड्या पात्रात उतरलो होतो. पुढची गाडी माझी होती. गोट्यांवरून गाडी छान डुलत चालली होती आणि समोर एक टिटवी पंख पसरून, अगदी बोनेटला भिडेल इतक्या जवळ येऊन ओरडत होती. मला वाटलं, टिटवीच ती, ओरडणारच. मागच्या गाडीतली एक शाळकरी मुलगी उतरून धावत आली आणि म्हणाली, "काका, थांबा, ती हलत नाहीये." उतरून पाहिलं. डाव्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. निमुळती टोकं आत करून, फुलीसारखी मांडलेली. रंग मातकट, त्यावर काळे डाग. शेजारच्या गोट्यांत ती इतकी मिसळून गेली होती की एकदा नजर हटली की पुन्हा शोधावी लागत. मग मी आमच्याच चाकोरीतून मागे चालत गेलो. साठ-सत्तर पावलांवर दुसरं घरटं होतं. त्यात वाचलेलं काही नव्हतं.

टिटवी घरटं बांधत नाही. जमिनीत उथळ खळगा करते, भोवती चार खडे रचते, की झालं घरटं. तिचा विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट, पण काही जोड्या आधीच जागा धरून बसतात. भर उन्हाळ्यात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना थंडावा देते. ज्या पात्राला आपण मोकळी जागा म्हणतो ते तिचं घर आहे. उन्हाळ्यात उरलेल्या डोहांत नदीतले मासे पुढच्या पावसाची वाट बघत जीव धरून असतात. पात्रातच वाळू उकरून केलेल्या झिऱ्यांतून आसपासच्या पाड्यांवरच्या बाया पाणी भरतात. आपल्या गाडीच्या पोटाखालून ऑइलचा एक थेंब जरी तिथं पडला तरी तो कुणाच्या तरी हंड्यात जातो.

तेव्हापासून नियम एकच आहे. जिथं बैलगाडीची चाकोरी आहे तिथंच आपलं चाक. पात्र ओलांडायचं तर रुळलेल्या उतारावरूनच, एका रेषेत, एकामागून एक, आणि आधी एकानं पायी चालून बघितल्यावर.

मग फोर बाय फोर कशाला हवी?

कारण चांगल्या जागा रस्त्यापासून थोड्या आत आहेत, आणि अशी गाडी तिथवर सावकाश, वाट न उखडता नेता येते. दोन चाकं गरागरा फिरवून वर चढणारी गाडी पायवाटेची वाट लावते, चारही चाकांवर जोर असलेली गाडी अलगद चढते. गाडी आपल्याला टेकाडापर्यंत सोडते, बघायचं ते सगळं खाली उतरून, पायी. दिवसातले साडेतीन-चार तास आपण चालतच असू.

अभयारण्यातही हीच वाट आहे का?

नाही, खडतर टप्पा पूर्णपणे अभयारण्याच्या बाहेर आहे आणि गावकऱ्यांना विचारून ठरवलेला आहे. तानसा अभयारण्य साधारण ३२० चौरस किलोमीटरचं आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीनं, नेमून दिलेल्या रस्त्यावरूनच गाडी जाईल आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी बाहेर येईल. धरण १८९२ साली पुरं झालेलं दगडी बांधकाम आहे. ते मुंबई महानगरपालिकेच्या ताब्यात असल्यानं भिंतीवर जाता येत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हा एक. तलावाला पाणी मिळतं ते भोवतीच्या जंगलामुळे, हे तिथं उभं राहिलं की आपसूक कळतं.

रानपिंगळा दिसेल का?

खात्री देता येत नाही. तरी त्याची हकीकत माहीत असू द्या, म्हणजे दिसला तर आपण काय पाहतोय ते कळेल.

या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ साली केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कुणालाच मिळाला नाही. १९१४ सालचा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, तो पुढे खोटा निघाला. जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. पक्षी नामशेष झाला असंच बहुतेकांनी धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन पक्षी-अभ्यासकांना तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! २०१४ साली तो तानसात सापडला, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याच्या सागाच्या रानात. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

आपल्या सोसायटीच्या आवारात दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं. छातीवर गडद पट्टा, पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तो दिवसा शिकार करतो, उघड्या फांदीवर बसून सरड्यांवर नजर ठेवतो आणि शेपूट डावी-उजवीकडे झटकत राहतो.

मोबाइलवर त्याची साद वाजवून त्याला बोलावणं पूर्ण बंद. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर आला, मग तो शिकार सोडून, अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. एका फोटोसाठी इतकी किंमत नको. कुणी वाजवताना दिसलं तर त्याची सहल तिथंच संपेल, मग तो कितीही जुना सभासद असो.

फेब्रुवारीत तर पानगळ असते. बघण्यासारखं काय उरतं?

पानं गेल्यामुळेच तर बघता येतं. काटेसावर आणि पळस ऐन भरात असतात. एका काटेसावरीखाली वीस मिनिटं नुसतं बसायचं आहे, हा कार्यक्रमातला माझा सर्वांत आवडता भाग. लाल मांसल फुलांत मध भरलेला असतो आणि त्यावर बुलबुल, कोतवाल, मैना, सूर्यपक्षी, खारी, सगळ्यांची झुंबड. मधूनच भोरड्यांचा गुलाबी-काळा थवा येतो. यांनाच पळसमैना म्हणतात. हिवाळ्यात लांबून येणारे हे पक्षी नाव मात्र आपल्या पळसाचं घेऊन बसलेत. फूल धपकन खाली पडतं ते उचलून बघा, पुंकेसरांत मुंग्या बुडालेल्या असतात.

पांढऱ्याफटक खोडाचं कांडोळ याच दिवसांत ओळखू येतं. चांदण्या रात्री ते एकटंच चमकतं. त्याच्या गुलाबीसर पांढऱ्या सालीची कागदासारखी पापुद्री सुटते. ऐनाची साल उलट मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली, हात फिरवला की खरखर लागते. ही दोन खोडं शेजारीशेजारी दाखवण्याचा प्रयत्न करीन.

एक सावधगिरी. वाटेच्या कडेनं खाजकुयलीच्या शेंगा लोंबत असतील. सोनेरी तपकिरी, मखमली, हात लावावासा वाटतो. लावू नका. तिची कुसं वाऱ्यानंही उडतात. लागलीच तर खाजवायचं नाही, चिकटपट्टी दाबून ओढायची म्हणजे कुसं निघतात, मग पाण्यानं धुवायचं.

खडक बघायला थांबणार असं ऐकलं. त्यात काय बघायचं?

माझ्या मते अर्धी सहल तीच आहे. आसनगावजवळून महामार्गावरून माहुलीचा डोंगर दिसतो. उजेड झाल्यावर त्याचे थर मोजा. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एक लोट थिजायचा, वर मातीचा थर साचायचा, मग पुढचा यायचा. दोन लोटांमध्ये भाजल्या विटेसारखा लाल पट्टा दिसतो तो त्या मधल्या काळाचा. माहुलीचे वजीर, नवरा, नवरी हे सुळके म्हणजे उभ्या भेगांतून पाणी मुरून, आजूबाजूचा खडक ढासळून मागे उरलेले तुकडे.

आपण एका डाइकजवळ उतरणार आहोत. जुन्या खडकाला उभी भेग पडली, तीत खालून लाव्हा घुसला आणि थिजला, की तयार होतो डाइक. ठाणे जिल्ह्यात असे पुष्कळ आहेत. भोवतीचा खडक झिजतो आणि हा कठीण भाग दगडी कुंपणासारखा सरळ रेषेत उभा राहतो. शेतकऱ्यांना वाटतं जुन्या काळी कुणीतरी बांध घातला. जवळ जाऊन कडेला बोट फिरवा, तिथला दगड गुळगुळीत आणि बारीक कणांचा लागतो. कारण गार खडकाला टेकताच तो झटकन थिजला. मधोमध कण मोठे होत जातात. आणि भेगा? त्या उभ्या नसून आडव्या, भिंतीला काटकोनात असतात, त्यामुळे सगळा डाइक जळणाच्या लाकडाच्या मोळ्या रचून ठेवल्यासारखा दिसतो. एकदा हे चित्र डोळ्यांत बसलं की कल्याण-मुरबाडच्या रस्त्यावरही तुम्हाला डाइक दिसायला लागतील.

काळ्या दगडातले पांढरे ठिपके म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, ज्यांत नंतर पाण्यानं जिओलाइटसारखी खनिजं भरली. भिंगातून बघा, खिशात घालू नका. अभयारण्यातून दगड, पीस, बी, काहीही उचलून नेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पीस आणि बीसुद्धा येतात, आणि दगड हलवला तरी त्याखालच्या विंचवाचं घर जातं.

अकलोलीच्या गरम कुंडांचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे, म्हणूनच दिवसाचा शेवट तिथं ठेवला. घाटाकडे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. मुंबईकडे येताना ते समुद्राच्या बाजूला झुकतात. या वाकाला भूशास्त्रज्ञ पनवेल फ्लेक्शर म्हणतात. थर वाकले तिथं जमीन खोलवर तडकली. पावसाचं पाणी त्या भेगांतून खूप खाली जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. खाली ज्वालामुखी वगैरे पेटलेला नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी ही कुंडं तानसा नदीच्या काठानं आहेत. म्हणजे सकाळी ज्या नदीचं अडवलेलं पाणी बघितलं तिच्याच खालच्या अंगाला आपण संध्याकाळी पोचतो. उत्तरेला सातिवली, दक्षिणेला उन्हेरे, सव, आरवली, तुरळ अशी ही ओळ कोकणभर गेलेली आहे.

कुंडात उतरायचं असेल तर आधी हात घालून बघा, काही कुंडांचं पाणी सोसवत नाही. साबण आणू नका. वज्रेश्वरीच्या देवीला कुणाला जायचं असेल तर अर्धा तास राखून ठेवला आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडला तो इथंच.

जेवणाचं काय?

एका पाड्यावर, एका ठाकूर कुटुंबाकडे. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, ठेचा, कांदा. पैसे त्या घरच्या बाईच्या हातात द्यायचे, क्लब मध्ये पडत नाही. पाहुणे म्हणून जातोय तेव्हा विचारल्याशिवाय घरात, चुलीपाशी किंवा मुलांचे फोटो काढू नका. वाटाड्या म्हणून येणारे दादा त्याच पाड्यावरचे. आपण दुर्बिणीतून शोधतो ते त्यांना आवाजावरून कळतं. त्यांना मध्येच तोडू नका.

लहान मुलं आणि आजी-आजोबा?

सहा वर्षांवरची मुलं चालतील. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी खडतर टप्प्यात गाडीत बसू नये, गावात सावलीला थांबावं.

साप चावला किंवा कुणी पडलं तर?

घोणस, फुरसं, नाग, मण्यार, चारही या भागात आहेत. पालापाचोळ्यात हात घालू नका, लघवीला जातानाही काठीनं चाचपा. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. माणसाला स्थिर ठेवून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. ताफ्यातली शेवटची गाडी याच कामासाठी मोकळी ठेवलेली असते. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १९२६ हा वनखात्याचा क्रमांक फोनमध्ये आधीच घालून ठेवा. आत रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून वॉकी-टॉकी आहेत.

सिगारेट?

घरी ठेवून या. फेब्रुवारीत गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका थोटकानं वणवा लागतो आणि जमिनीवरची सगळी वीण जळून जाते. वाळलेल्या उंच गवतावर गाडीही उभी करू नका, सायलेन्सर तापलेला असतो.

परतायला किती वाजतील?

साडेपाचला अकलोलीहून निघू. अंबाडी नाक्यावर चहा, मग भिवंडी. रविवारी संध्याकाळी मानकोलीला किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही, तेव्हा रात्री नऊच्या आधी घरी कुणाला शब्द देऊ नका. आणि गाडी लगेच धुवायला देऊ नका. सोमवारी सकाळी चाकांच्या खोबणीत अडकलेल्या बिया चिमट्यानं काढून एका कागदात ठेवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. कोणत्या झाडाच्या आहेत ते मिळून ओळखू.